मुळांचा विचार

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव नावाचे गाव आहे. मराठवाड्यातील इतर गावांत जे घडते आहे, तेच अशा गावीही घडते. जुनी माळवदाची घरे जातात आणि त्यांच्या जागी विटा-सिमेंटची नवी घरे उभी राहतात. घर नवे व्हावे यात वावगे काहीच नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली कोणी कायम राहावे, असे कोण म्हणेल? परंतु घर बदलते, तेव्हा अंगणही बदलते; आणि अंगणात जे वर्षानुवर्षे उभे असते, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न पुष्कळदा कोणाच्या ध्यानीही येत नाही.

गोरेगावातील अशाच एका अंगणाची कल्पना करावी. तुळशीवृंदावनाच्या उजव्या हाताला एक तगर आहे. तिचे वय वीस वर्षांचे तरी असावे. तिचा पाला बारा महिने हिरवागार असतो आणि रोज पहाटे तिच्यावर पांढऱ्या शुभ्र चक्राकार फुलांचा सडा पडलेला असतो. आजीची पूजा या फुलांवाचून होत नाही. आता एका वर्षाने नव्या घराचा पाया खणावयाचा आहे आणि नकाशातील भिंत नेमकी तगरीवरून जात आहे.

वडील म्हणतात, “तगरच ती! तोडून टाकू. घर झाले की बाजारातून नवे रोप आणून लावू.”

मुलगी म्हणते, “तोडायची कशाला, बाबा? मुळासकट काढून त्या कोपऱ्यात लावू. मिरचीची रोपे नाही का आपण एका जागची काढून दुसरीकडे लावत?”

आजी म्हणते, “पोरी, जुनं झाड सहजी जागा सोडत नसतं. त्यापेक्षा भिंतच हातभर सरकवा.”

तिघांच्याही बोलण्यात काही ना काही तथ्य आहे. परंतु नीट विचार केला तर आजीचे म्हणणे सर्वांत आधी ऐकण्याजोगे आहे; मुलीचे म्हणणे काही अटींवर मान्य करण्याजोगे आहे; आणि वडिलांचे म्हणणे, इतर सर्व उपाय खुंटल्यावर, अगदी शेवटी विचारात घेण्याजोगे आहे. असे का, हे समजण्यासाठी जमिनीखाली काय चालते ते पाहिले पाहिजे.

मिरचीचे रोप वाफ्यातून काढतात तेव्हा ते जेमतेम सहा-सात आठवड्यांचे असते. त्याची मुळे वीतभर जागेत मावतात आणि मातीच्या लहानशा ढेकळासह ती जवळजवळ सारीच्या सारी उचलता येतात. नव्या सरीत ते रोप दोन दिवस माना टाकते आणि तिसऱ्या दिवशी ताठ उभे राहते. तगरीची गोष्ट वेगळी आहे. वीस वर्षांच्या झुडपाची मुळे त्याच्या फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरलेली असतात. बुंध्याजवळची जाड मुळे झुडपाला उभे धरून ठेवतात. परंतु जमिनीतील पाणी शोषून घेण्याचे काम करतात ती टोकाकडची, केसांसारखी बारीक मुळे. ही मुळे बहुधा मातीच्या वरच्या हात-दीड हात थरात, बुंध्यापासून लांब असतात. कुदळ मारून बुंध्याभोवतीचा गोळा काढला की जाड मुळे सोबत येतात आणि ही बारीक मुळे बहुतांशी मागे राहतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड मुळासकट आले. वस्तुतः झाड आले, पण त्याची पाणी पिण्याची तोंडे मातीतच राहिली.

यात आणखी एक अडचण आहे. साग किंवा पळस यांसारखी झाडे वर्षातून एकदा पाने गाळून उभी राहतात. त्या काळात त्यांचा पाण्याचा खर्च अगदी कमी असतो. थंड प्रदेशात सफरचंदाची कलमे हिवाळ्यात, अंगावर एकही पान नसताना, मुळांवरील माती झटकूनही एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येतात, ती याच कारणाने. तगर, जास्वंद, कण्हेर, अनंत, कुंती ही सदाहरित झुडपे आहेत. ती कधीच संपूर्ण पाने गाळीत नाहीत. त्यांच्या पानांवाटे बाराही महिने पाण्याची वाफ बाहेर पडत असते. मुळांनी आणलेले पाणी ही जमा समजली आणि पानांवाटे जाणारे पाणी हा खर्च समजला, तर हलविलेल्या सदाहरित झुडपाची स्थिती सहज ध्यानात येईल. त्याची जमा एका दिवसात जवळजवळ बंद होते. खर्च मात्र पूर्वीइतकाच चालू राहतो. असा संसार किती दिवस चालणार?

म्हणून पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, झाड हलविलेच पाहिजे काय? कागदावरची भिंत खोडरबराने पुसता येते. वीस वर्षांची मुळे अशी पुसून पुन्हा काढता येत नाहीत. नकाशात हातभर फरक करून काम भागत असेल, तर तो करावा. त्यात कमीपणा नाही. उलट, ज्या घराने एका झुडपासाठी आपली भिंत सरकविली, त्या घरातील मुलांना झाडांचे महत्त्व निराळे शिकवावे लागणार नाही.

परंतु प्रत्येक वेळी भिंत सरकतेच असे नाही. जागा अपुरी असते, रस्ता रुंद होत असतो, शाळेची नवी खोली दुसरीकडे बांधता येत नाही. अशा वेळी मुलीचे म्हणणे मान्य करावे; मात्र त्याला तीन अटी घालाव्यात. पहिली अट तयारीची, दुसरी योग्य वेळेची आणि तिसरी वर्षभराच्या सेवेची.

तयारी म्हणजे काय? ज्या पावसाळ्यात झुडूप हलवावयाचे, त्याच्या आधीच्या पावसाळ्यापासून कामाला लागावे. बुंध्याभोवती एक वर्तुळ आखावे. झुडपाचे खोड जितके जाड असेल, त्याच्या दहा ते बारा पट रुंदीचा मातीचा गोळा सोबत यावा, असा बागकामातील ठोकताळा आहे. पाच सेंटिमीटर जाडीच्या खोडासाठी पन्नास ते साठ सेंटिमीटर रुंदीचा गोळा लागेल. एकाच बुडख्यातून अनेक फांद्या फुटल्या असतील, तर गोळा त्याहूनही मोठा धरावा. पावसाळा सुरू झाला की या वर्तुळाच्या अर्ध्या भागावर अरुंद चर खणावा, आडवी येणारी मुळे धारदार हत्याराने स्वच्छ कापावीत आणि चर कुजलेले शेणखत व भुसभुशीत माती यांनी भरून टाकावा. उरलेल्या अर्ध्या भागावर हेच काम पावसाळा सरता सरता करावे. कापलेल्या मुळांना टोकाशी नवी बारीक मुळे फुटतात, आणि ती गोळ्याच्या आतच राहतात. पुढच्या वर्षी गोळा उचलला की ही नवी मुळेही त्याच्यासोबत येतात. झुडपाला जणू प्रवासाची शिदोरी मिळते.

योग्य वेळ कोणती, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वैशाखातील उन्हात रुजलेल्या झाडाला हात लावू नये. मृगाचा पाऊस बरसून आर्द्रा लागली, जमिनीची धग गेली आणि आभाळ भरून राहू लागले, की काम करावे. तेही ढगाळ दिवशी, ऊन कलल्यावर. मात्र काळ्या मातीत आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भर पावसात चिखल होऊन पायांना चिकटते. कोरड्या मातीचा गोळा उचलताच फुटतो. चिखलाचा गोळा आकार धरीत नाही. दोहोंच्या मधला काळ म्हणजे वाफसा. पेरणीसाठी शेतकरी ज्या वाफशाची वाट पाहतो, त्याच वाफशाची वाट झाड हलविणाऱ्यानेही पाहावी.

नवा खड्डा आधीच खणून ठेवावा, म्हणजे झुडपाला बाहेर ताटकळावे लागत नाही. खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद असावा. पण खोली गोळ्याइतकीच ठेवावी. खोल खड्ड्यात लावले म्हणजे झाड घट्ट बसते, हा समज चुकीचा आहे. खोड पूर्वी जेथवर मातीत होते, तेथवरच ते नव्या जागीही असावे. अधिक पुरले तर मुळांना हवा मिळत नाही आणि बुंधा कुजतो. गोळा सुटा झाला की त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून सुतळीने घट्ट बांधावे. उचलताना हात खोडाला न लावता गोळ्याखाली घालावेत. साठ सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल असा ओल्या मातीचा गोळा दीड क्विंटलांहून जड भरतो. म्हणून हे काम चार-पाच मोठ्या माणसांनी, खाली मजबूत फळी घालून करावयाचे आहे. मुलांनी दोरी धरावी, पाणी आणावे, वाट मोकळी करावी. परंतु गोळा उचलण्याचे धाडस करू नये. झुडूप कण्हेरीचे असेल तर अधिकच जपावे. कण्हेरीचे मूळ, पान, फूल, चीक हे सारेच विषारी असते. तिला हात लागला तर तो साबणाने स्वच्छ धुवावा आणि तिच्या काड्या चुलीत जाळू नयेत.

झुडूप खड्ड्यात बसले, माती हलक्या हाताने दाबली, पाणी घातले. येथे पुष्कळांना काम संपले असे वाटते. खरे काम येथूनच सुरू होते, आणि तिसरी अट हीच आहे. फार दाट वाढलेल्या फांद्या थोड्या विरळ कराव्यात. पण झाड अगदी बोडके करू नये, कारण नवी मुळे वाढविण्यासाठी लागणारे अन्न पानेच तयार करतात. पश्चिमेच्या उन्हापासून व वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून तुराट्यांचा आडोसा करावा. बुंध्याला न चिकटविता भोवताली पालापाचोळ्याचे किंवा सोयाबीनच्या भुशाचे आच्छादन घालावे. पाणी रोज घटकाभर शिंपडण्यापेक्षा एकदा सावकाश आणि खोलवर द्यावे. त्यानंतर बोट मातीत खुपसून पाहावे, आणि ओल नसेल तरच पुन्हा पाणी घालावे. काळी माती पाणी धरून ठेवते. प्रेमापोटी रोज बादलीभर पाणी ओतणाराही झाड मारू शकतो, कारण चिखलात मुळे गुदमरतात. रासायनिक खताची घाई पहिल्या काही महिन्यांत नको. आणि महिन्याभरात नवी पालवी दिसली तरी निर्धास्त होऊ नये. ती खोडात साठलेल्या अन्नावरही फुटते. एक हिवाळा गेला, एक उन्हाळा गेला, आणि पुढच्या मृगात झुडपाने जोमदार धुमारे टाकले, म्हणजे ते रुजले असे म्हणावे.

हा प्रश्न खेड्यातील अंगणापुरताच आहे असे नाही. मुंबईतही गोरेगाव नावाचे उपनगर आहे, आणि त्याच्या शेजारीच आरे वसाहतीची वनराई आहे. तेथे मेट्रो रेल्वेच्या कारशेडसाठी 2019 साली दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यास आणि साडेचारशेंवर झाडे दुसरीकडे हलविण्यास परवानगी देण्यात आली. त्यावरून मोठे आंदोलन झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रेल्वेची गरज खरी होती आणि झाडांची गरजही खरी होती, म्हणूनच तो वाद अवघड होता. परंतु त्यातून एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आली: ‘झाड हलविले’ आणि ‘झाड जगले’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. मुंबईत मेट्रोसाठी हलविलेली पुष्कळ झाडे नव्या जागी वाळून गेली. दिल्ली सरकारने 2020 साली झाडे हलविण्यासंबंधी धोरण केले, तेव्हा हलविलेल्या झाडांपैकी किमान 80 टक्के झाडे एक वर्षानंतर जिवंत असली पाहिजेत, अशी अट त्यात घातली. ही अट योग्य दिशेची आहे. झाड उचलले त्या दिवशीचे छायाचित्र हा यशाचा पुरावा मानू नये. वर्षानंतरचे झाड हाच खरा पुरावा.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे वळावे. पाया पुढच्याच आठवड्यात खणावयाचा असेल, तयारीला वेळ नसेल, उन्हाळा ऐन भरात असेल, तर मोठे झुडूप घाईघाईने उपटून दुसरीकडे पुरणे म्हणजे त्याचा मृत्यू चार दिवस पुढे ढकलणे होय. अशा वेळी काय करावे? बाजारातील नवे रोप आणता येईल. पण ते आजीच्या तगरीचे नव्हे. त्याहून चांगला उपाय घरातच आहे. वेळ हाती असतानाच तगरीच्या पक्व फांदीचे वीतभर तुकडे पावसाळ्यात ओलसर मातीत लावावेत. त्यांना मुळे फुटतात. किंवा फांदीवरील सालीची बोटभर रुंद कडी काढून, तेथे ओले शेवाळ बांधून गुटी कलम करावे. छाटापासून अथवा गुटीपासून झालेले रोप हे त्याच झाडाचे पुढे चाललेले आयुष्य असते. त्याचे फूल तेच, त्याचा गंध तोच. जुने झुडूप हलवावयाचे ठरले असले तरीही अशी दोन-तीन रोपे आधी करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

या साध्या उपायाचे थोर उदाहरण इतिहासात आहे. बोधगयेच्या ज्या पिंपळाखाली गौतम बुद्धांना ज्ञान प्राप्त झाले, त्याची एक फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने श्रीलंकेस नेली, असे बौद्ध परंपरा सांगते. अनुराधपूर येथे ती रुजली आणि तो वृक्ष आजही तेथे उभा आहे. बोधगयेचा मूळ वृक्ष काळाच्या ओघात नष्ट झाला; तेथे आज दिसतो तो एकोणिसाव्या शतकात लावलेला त्याच्या वंशातील पिंपळ आहे. प्रचंड वृक्ष समुद्रापार नेणे कोणालाही शक्य झाले नसते. एक फांदी मात्र नेता आली, आणि तिच्यासोबत त्या वृक्षाचे जीवनही गेले.

झाडांना लागू पडणारी ही गोष्ट माणसांनाही काही अंशी लागू पडते. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी परमुलखात जातात. कोणाचे गाव धरणाखाली जाते, कोणाच्या वडिलांची बदली होते. मग वर्षाच्या मध्येच एखादा नवा मुलगा वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसतो. तो बोलत नाही, खेळात उतरत नाही. इतरांना वाटते, हा घुमा आहे. खरे म्हणजे त्याची बारीक मुळे मागे राहिलेली असतात: त्याचे सवंगडी, त्याची बोली, त्याच्या ओळखीची वाट. त्याला दोन दिवसांत रुजविण्याची घाई करू नये. त्याच्या बोलीला हसू नये, कारण तो त्याच्याबरोबर आलेला गावचा मातीचा गोळा आहे. थोडा आडोसा द्यावा, थोडी ओल द्यावी आणि वाट पाहावी.

पुन्हा गोरेगावच्या अंगणात येऊ. तेथे निर्णय काय होईल, हे त्या घरातील माणसांनी ठरवावयाचे आहे. भिंत सरकली तर उत्तमच. न सरकली तर हातात अजून एक वर्ष आहे; या मृगात चर खणता येईल, छाट लावता येतील आणि पुढच्या आर्द्रेत तगर कोपऱ्यात जाईल. मात्र कुदळ उचलण्यापूर्वी घरातील कोणीतरी एकाने उभे राहून सांगितले पाहिजे की, “वर्षभर हिच्याकडे मी पाहीन.” असे सांगणारे कोणी नसेल, तर झाडाला हात लावण्याचा अधिकार त्या घराला नाही. आणि असे सांगणारी एक मुलगी त्या घरात असेल, तर आजीने तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.